खाडा पडला की काय निसटतं? पहिली-दुसरीतल्या गैरहजेरीबद्दल पालक विचारतात ते प्रश्न

मी मराठवाड्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत पहिली-दुसरीचे वर्ग घेते. पालकसभेत, शाळेच्या फाटकाशी, आठवडी बाजारात भाजी घेताना आई-बाबा, आजी-आजोबा मला जे विचारतात, ते इथे एकत्र लिहिलं आहे. काही प्रश्नांची उत्तरं लांबली आहेत, कारण तिथेच मुलं अडकतात.

बाई, लेकरू पहिलीलाच तर आहे. चार दिवस नाही आलं तर असं काय बिघडतं?

पाचवीतल्या मुलाचा एक पाठ बुडाला तर ते पुस्तक उघडून तो वाचू शकतं, मैत्रिणीची वही आणू शकतं, मोठ्या भावाला विचारू शकतं. पहिलीतलं मूल वाचायला शिकण्यासाठीच शाळेत आलेलं असतं. त्याचा बुडालेला दिवस त्याला एकट्याने भरून काढताच येत नाही. म्हणून लहान वर्गातला खाडा मोठ्या वर्गातल्या खाड्यापेक्षा महाग पडतो. आपल्याकडे समजूत नेमकी उलटी आहे. दहावीच्या मुलाला ताप असला तरी क्लासला पाठवतात आणि पहिलीच्या मुलाला पाहुणे आले म्हणून घरी ठेवतात.

दुसरी गोष्ट मला जास्त टोचते. मोठं मूल सांगू शकतं की मला अपूर्णांक कळले नाहीत. सहा वर्षांच्या मुलाला आपलं काय हुकलं हेच ठाऊक नसतं. ते शेजारच्याच्या पाटीत बघून लिहितं, सगळे बोलतात तेव्हा ओठ हलवतं आणि हळूहळू त्याला वाटायला लागतं की सगळ्यांना येतं, मलाच येत नाही. सहाव्या वर्षी मनात बसलेली ही भावना काढायला नंतर फार कष्ट पडतात.

२०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ हा वयाचा टप्पा ‘पायाभूत’ मानला आहे. जुलै २०२१मध्ये सुरू झालेल्या निपुण भारत अभियानाचं उद्दिष्टच असं आहे, की तिसरी संपेपर्यंत प्रत्येक मुलाला समजून वाचता यावं आणि साधे हिशेब करता यावेत. तिसरीच का, तर चौथीपासून परिसर अभ्यास असो की गणितातली शाब्दिक उदाहरणं, सगळं स्वतः वाचूनच समजून घ्यायचं असतं. तोवर वाचन पक्कं झालं नसेल तर मूल एकाच वेळी सगळ्या विषयांत मागे पडतं.

किती खाडे झाले म्हणजे काळजी करायची?

शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे पहिली ते पाचवीच्या वर्गांना वर्षाला किमान २०० दिवस शाळा भरली पाहिजे. महिन्याला दोन खाडे धरले तर दहा महिन्यांत वीस दिवस, म्हणजे वर्षाचा दहावा भाग जातो. अमेरिका, इंग्लंड अशा देशांत शाळा हीच रेघ धरतात. दहा टक्के दिवस बुडाले की ते घरच्यांशी बोलायला सुरुवात करतात. मीही तीच रेघ धरते.

आता महिन्याला चार खाडे धरा. आठवड्याला एक, ऐकायला काहीच वाटत नाही. वर्षाचे चाळीस होतात आणि पहिली ते पाचवीचे दोनशे. म्हणजे पाच वर्षांत एक अख्खं शालेय वर्ष मूल शाळेत आलेलंच नाही. पालकसभेत हा हिशेब मी फळ्यावर मांडते तेव्हा बहुतेकांना धक्का बसतो, कारण ‘आमचं पोरगं रोज जातं’ असंच प्रत्येकाला मनापासून वाटत असतं.

एक साधं काम करा. भिंतीवरच्या कॅलेंडरवर खाड्याच्या दिवशी फुली मारा. महिन्याच्या शेवटी फुल्या कुठल्या वारी जास्त आहेत ते बघा. आमच्याकडे बाजाराच्या दिवशी सगळ्यात जास्त असतात, त्याखालोखाल सोमवारी.

वाचनाचं नेमकं काय अडतं? अक्षरं तर त्याला येतात.

मराठीत अक्षर ओळखलं म्हणजे वाचता आलं असं होत नाही. आधी मूळ अक्षर येतं, मग काना, मग वेलांट्या, उकार, मात्रा, अनुस्वार, आणि दुसरीत जोडाक्षरं. यातलं प्रत्येक चिन्ह वर्गात चार-सहा दिवस घोळलं जातं. हाताने गिरवायचं, मोठ्याने म्हणायचं, डब्यावर, पोस्टरवर, बसच्या पाटीवर शोधायचं. ते चार-सहा दिवस हुकले की पुढच्या सगळ्या शब्दांत तिथे भोक पडतं.

एका मुलाचं सांगते. वेलांटीचा आठवडा चालू होता आणि त्याला ताप आला. दोन दिवसांत बरा झाला, पण मामाकडे वास्तुशांत होती म्हणून घरचे तसेच तिकडे गेले. आठ दिवसांनी तो वर्गात आला तेव्हा फळ्यावर ‘गाडी आली’ असं लिहिलेलं होतं. त्याने शब्दाखाली बोट ठेवलं आणि अगदी ठामपणे वाचलं, ‘गाड आल’. वेलांटीवरून त्याचं बोट सरळ पुढे गेलं. त्याच्या लेखी ती नुसती एक रेघ होती, कुणीतरी उगाच ओढलेली. ‘मिरची’चं ‘मरच’, ‘पाटी’चं ‘पाट’. आपण काही चुकतोय हे त्याच्या गावीही नव्हतं. पुढच्या आठवड्यात उकार आले, मग मात्रा, आणि दिवाळीच्या सुमारास माझ्या लक्षात आलं की तो चित्र बघून अख्खं पान पाठ म्हणतो. चित्रावर हात ठेवला की गप्प. हुशार मुलगा होता, म्हणूनच त्याने ही वाट शोधली होती आणि म्हणूनच मला उशिरा कळलं. ते माझंही चुकलंच. तो आला त्याच दिवशी मी त्याला वेगळं घेऊन बसायला हवं होतं.

दुसरीत जोडाक्षरांच्या वेळी हेच पुन्हा होतं. एकट्या ‘र’ची रूपं बघा: प्रकाश, ट्रक, सूर्य, दुसऱ्या. चार ठिकाणी चार वेगळे आकार. हे वर्गात एकेक करून उलगडतात. त्यातला एखादा दिवस गेला की मूल ‘सूर्य’ला ‘सूय’ वाचतं आणि वर्षानुवर्षं वाचत राहतं.

वाचनाच्या वेगाचंही तसंच. निपुणचं लक्ष्य असं, की तिसरीच्या शेवटी मुलाने मिनिटाला किमान साठ शब्द नीट वाचावेत. हा काही शर्यतीसाठीचा आकडा नाही. जे मूल एकेक अक्षर जुळवत वाचतं, ते वाक्याच्या शेवटी पोचेपर्यंत सुरुवात विसरलेलं असतं. मग ‘काय वाचलंस?’ या प्रश्नाला त्याच्याकडे उत्तर नसतं. हा वेग रोजच्या सरावानेच येतो. सायकलसारखं थोडं थोडं रोज करावं लागतं. महिन्यातून एकदा तीन तास बसवून तो येत नाही.

आणखी एक. ज्या घरात गोरमाटी, पावरी, कोरकू, गोंडी, भिली किंवा अगदी वेगळ्या वळणाची बोली बोलली जाते, तिथल्या मुलाला पुस्तकातली मराठी फक्त शाळेत कानावर पडते. त्याचा दिवस बुडाला की वाचनही बुडतं आणि त्या भाषेची ऐकण्याची संधीही. अशा मुलाने ‘बैठक’ शब्द जुळवून वाचला तरी त्याला अर्थ लागत नाही, कारण तो शब्द त्याने कधी ऐकलेलाच नसतो. घरची बोली सोडा असं मी कुणालाही सांगत नाही. ती मुलाची पहिली शिदोरी आहे. फक्त या मुलांना एका दिवसाच्या खाड्याची किंमत दुप्पट मोजावी लागते, एवढं ध्यानात असू द्या.

आणि गणित? पाढे तर आम्ही घरी पाठ करून घेतो.

पाढे पाठ असणं चांगलंच. पण पहिली-दुसरीचं गणित हातातून डोक्यात जातं. आम्ही काड्या मोजतो, दहा झाल्या की रबर लावून गठ्ठा बांधतो आणि त्या गठ्ठ्याला दशक म्हणतो. सुट्या काड्या म्हणजे एकक. हे पंधरा-वीस दिवस चालतं. ज्या मुलाने गठ्ठा स्वतः बांधलेला नाही, त्याला २७ मधला २ म्हणजे वीस हे पटत नाही. तो २ त्याच्यासाठी दोनच राहतो.

मग हातचा येतो. गेल्या वर्षी दुसरीतल्या एका मुलीने २७ आणि १५ची बेरीज ३१२ लिहून आणली. सात आणि पाच बारा, दोन आणि एक तीन. तिच्या हिशेबाने दोन्ही बरोबर. बारा मागे लिहिले, तीन पुढे. गठ्ठ्यांच्या आठवड्यात आणि हातच्याच्या पहिल्या दोन दिवशी ती नव्हती, आई आजारी होती. मी तिला काड्या दिल्या, सत्तावीस आणि पंधरा मांडायला सांगितलं. तिने सुट्या बारा मोजल्या, स्वतःच दहांना रबर लावलं, बाजूच्या गठ्ठ्यांत ठेवलं आणि हातातल्या काड्यांकडे बघत राहिली. मग म्हणाली, ‘बाई, हे तर बेचाळीस झाले.’ वीस मिनिटं लागली. पण ही वीस मिनिटं मिळायला ती वर्गात असावी लागते.

मराठी आकड्यांची स्वतःची एक अडचण आहे. ‘एकोणतीस’ ऐकलं की मुलाच्या कानात ‘तीस’ घुमतं आणि ते ३९ लिहितं. त्रेपन्न, पंचावन्न, अडुसष्ट यांत दशक कुठे आणि एकक कुठे हे शब्दावरून चटकन कळत नाही, आणि शिवाय एकक आधी बोललं जातं. म्हणूनच २०१९ साली बालभारतीने दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस एक, वीस दोन’ असंही वाचन आणलं. त्यावर राज्यभर वाद झाला. माझं मत विचाराल तर आधार म्हणून ते उपयोगी आहे, पण बाजारात एकवीसच चालतात, तेव्हा दोन्ही यायला हवं. वर्गात ते रोज म्हणून, खेळून रुळतं. अधूनमधून येणाऱ्या मुलाचा ३० ते ६०चा पट्टा नेहमी कच्चा राहतो. हे मी इतक्या वेळा बघितलंय की आता आकडे म्हणायला लावले तरी मूल नियमित येत होतं की नाही याचा अंदाज येतो.

आम्ही शेजारच्या मुलाची वही आणून सगळं उतरवून घेतो. तेवढं पुरत नाही का?

नाही पुरत. पहिलीच्या वहीत जे लिहिलेलं असतं ते वर्गात घडलेल्याचा फार छोटा भाग असतो. ‘मात्रा’च्या दिवशी वहीत पाच शब्द असतील. पण त्याआधी आम्ही गाणं म्हटलेलं असतं, पिशवीतून वस्तू काढून नावं घेतलेली असतात, एकाने चूक केलेली असते आणि बाकीच्यांनी ती सुधारलेली असते. वही उतरवून मुलाचं अक्षर सुधारेल, समज येणार नाही. उलट शिक्षकाला वाटतं की वही पूर्ण आहे, म्हणजे मूल बरोबर आहे.

त्यापेक्षा शाळेत आल्यावर पाच मिनिटं थांबा आणि विचारा, ‘या दिवसांत कोणतं अक्षर, कोणतं चिन्ह झालं?’ मग घरी तेवढंच घ्या. पाटीवर, खडूने, स्वयंपाक करता करता. आई-बाबांना वाचता येत नसेल तरी चालतं. मुलाला म्हणा, ‘आज काय वाचलं ते मला वाचून दाखव.’ ऐकणारं कुणी आहे म्हटल्यावर मूल वाचतं.

मोबाईलवर शिकवण्याचे व्हिडिओ असतात. खाड्याच्या दिवशी तेच लावले तर?

मार्च २०२० ला शाळा बंद झाल्या तेव्हा आपण सगळ्यांनी हा अनुभव घेतलाय. त्या वेळी पहिलीत आलेली कितीतरी मुलं वर्गात पाय न ठेवताच दुसरी-तिसरीत पोचली. परत आली तेव्हा मला तिसरीच्या मुलांना पेन्सिल धरायला शिकवावं लागलं. व्हिडिओ मुलाचं चुकलेलं ऐकत नाही. ‘गाड आल’ असं कुणी वाचलं तर मोबाईल पुढचा शब्द दाखवतो. आजारी मूल पडून असेल तर गोष्ट ऐकवा, जरूर ऐकवा. त्याला शाळा म्हणू नका.

अंगणवाडीत तर नुसतं खेळतात. तिथे रोज पाठवायची काय गरज?

त्या खेळात पुढची सगळी तयारी असते. मणी ओवताना बोटं पेन्सिलीसाठी तयार होतात, गाण्यातल्या यमकांतून कान आवाज वेगळे करायला शिकतो, ‘माझी पाळी आली की मी घेईन’ हे कळतं. आणि रोज ठरावीक वेळी घराबाहेर पडायचं, ही सवय लागते. जी मुलं अंगणवाडीत नियमित जातात ती जूनमध्ये पहिलीच्या दारात रडत नाहीत. जी मनाला येईल तेव्हा जातात, ती पहिलीतही तसंच करायला बघतात. वजन-उंची, लसीकरण, पोषण आहार हे फायदे वेगळेच.

सर्दी-खोकला असेल तर पाठवू की नको?

नाक वाहतंय पण मूल खेळतंय, खातंय, तर पाठवा. ताप असेल तर ठेवून घ्या आणि औषधाशिवाय ताप न येता एक दिवस गेला की पाठवा. उलट्या-जुलाब थांबून दोन दिवस जाऊ द्या. कांजिण्यांत सगळ्या फोडांवर खपल्या धरेपर्यंत घरीच. शंका असेल तर आरोग्य केंद्रात दाखवा. उवा झाल्या म्हणून मात्र शाळा बुडवू नका.

मूल वरचेवर आजारी पडत असेल तर तो शाळेचाही प्रश्न आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून एकदा शाळेत येऊन सगळ्या मुलांना तपासतं. नेमक्या त्याच दिवशी मूल घरी असतं, असं फार वेळा होतं. जंतनाशक गोळीच्या दिवशीही तेच. रक्त कमी असणं, जंत, फुटलेला कान, कमी दिसणं यातलं काहीही असलं तरी मूल सुस्त दिसतं आणि घरी त्याला ‘अभ्यासाचा आळस’ म्हणतात.

रोज सकाळी पोटात दुखतं म्हणून रडते. सुट्टीच्या दिवशी काही दुखत नाही. खोटं बोलते का?

मी तरी खोटं म्हणणार नाही. भीतीनेही पोटात खरंच दुखतं. आधी डॉक्टरांना दाखवा. तिथे काही निघालं नाही तर मारू नका, शांतपणे विचारा. प्रश्न मात्र ‘का जात नाहीस?’ असा नको. ‘शाळेत तुला कुठली वेळ आवडत नाही?’ असं विचारा. मुलं मग सांगतात. कुणी चिडवतं, शौचालयाचं दार लागत नाही, वाचायला उभं केलं की हसतात, वाटेत कुत्री आहेत. एकदा एका मुलीच्या पोटदुखीचं कारण निघालं ते एवढंच, की तिची पाटी फुटली होती आणि ती घरी सांगायला घाबरत होती.

आणि कारण शिक्षकच असतील, हात उगारत असतील, तर गप्प बसू नका. मुलाला शारीरिक शिक्षा किंवा मानसिक त्रास देणं शिक्षण हक्क कायद्याने बंद आहे. मुख्याध्यापकांशी बोला, शाळा व्यवस्थापन समितीत बोला. त्या समितीत बहुतांश सदस्य पालकच असतात.

इथे एक चक्र असतं. खाडे पडले म्हणून वाचता येत नाही, वाचता येत नाही म्हणून वर्गात लाज वाटते, लाज वाटते म्हणून पोट दुखतं, पोट दुखतं म्हणून पुन्हा खाडा. हे चक्र शिक्षकाने तोडायचं असतं, मुलाने नव्हे.

धाकट्याला सांभाळायला कुणी नाही. मोठीला घरी ठेवावंच लागतं. काय करू?

ही अडचण खरी आहे, आणि ‘पालक बेफिकीर आहेत’ म्हणणाऱ्यांशी माझं भांडण आहे. कापूस वेचणीच्या दिवसांत रोजगार बुडवणं परवडत नाही, हे मला कळतं. पण बघा, घरी राहते ती जवळजवळ नेहमी मुलगीच. दादा शाळेत, ताई पाळण्याशी.

धाकटं तीन वर्षांचं झालं असेल तर अंगणवाडीत टाका. त्याहून लहान असेल तर दोन-तीन घरांनी मिळून एका आजीकडे मुलं ठेवता येतात का बघा. आमच्या वस्तीवर वेचणीपुरतं असं जमवलं आहे. अगदीच नाही जमलं तर धाकट्याला घेऊन पाठवा. माझ्या वर्गात मागच्या सतरंजीवर कितीतरी धाकटी भावंडं झोपून गेली आहेत. वर्गाला थोडा त्रास होतो, होऊ दे. मोठीचा दिवस वाचतो.

अनुसूचित जाती-जमाती आणि भटक्या-विमुक्त जमातींतल्या, दारिद्र्यरेषेखालच्या घरांतल्या पहिली ते चौथीच्या मुलींसाठी १९९२ साली शासनाने दिवसाला एक रुपया उपस्थिती भत्ता सुरू केला. तेव्हा त्या रुपयाला काही अर्थ होता. आज एका दिवसाच्या वेचणीसमोर तो काय टिकणार?

आम्ही दिवाळीनंतर ऊसतोडीला जातो, पाडव्याच्या आसपास परत येतो. पोरांचं काय करायचं?

आमच्या भागातला हा सगळ्यात मोठा प्रश्न. बीड आणि आसपासच्या जिल्ह्यांतून हजारो कुटुंबं सांगली, कोल्हापूर, सातारा, सोलापूरकडे आणि पार कर्नाटकातल्या कारखान्यांवर जातात. उचल म्हणजे मजुरीची आगाऊ रक्कम घेतलेली असते, मजूर नेणाऱ्या मुकादमाचा ट्रक दारात उभा असतो, तिथे ‘शाळा बुडवू नका’ असं नुसतं सांगून काय होणार? पण वर्षाचा निम्मा भाग जातो. आणि पहिलीचा निम्मा भाग कुठला, तर नेमका वेलांटीपासून वाक्यापर्यंतचा. सप्टेंबरात ‘क’ ‘म’ वाचणारं मूल एप्रिलमध्ये परत येतं तेव्हा ते ‘क’ ‘म’सुद्धा पुसलेलं असतं, आणि बाकीचा वर्ग गोष्टी वाचत असतो. पहिली तशी, दुसरी तशी, तिसरी तशी. मग बाराव्या वर्षी ते कोयता हातात घेतं आणि आपण म्हणतो, त्याला शिक्षणात रस नव्हता.

करता येण्यासारखं असं. पहिला पर्याय म्हणजे मूल गावातच ठेवणं. त्यासाठी हंगामी वसतिगृहाची योजना आहे. आई-बाप गेलेल्या मुलांची जेवणाची, राहण्याची सोय शाळा व्यवस्थापन समितीमार्फत गावातच होते. मुलांची यादी स्थलांतर सुरू व्हायच्या आधी करावी लागते, म्हणून दसऱ्याच्या आधीच शाळेत येऊन नाव सांगा. ट्रकमध्ये बसायच्या आदल्या दिवशी नको. आजी-आजोबा घरी असतील तर मूल त्यांच्याकडे राहणं सगळ्यात बरं. सहा वर्षांच्या लेकराला सहा महिने आईपासून लांब ठेवणं सोपं नाही, हेही मला कळतं. रात्री रडणारी मुलं मी पाहिली आहेत. म्हणून ‘ठेवाच’ असं मी दडपून सांगत नाही. पण पहिली ते तिसरीचं मूल थोरल्या बहिणीच्या किंवा भावाच्या सोबतीने राहिलं तर रुळतं, हा अनुभव आहे.

दुसरा पर्याय, मूल सोबत नेणं. मग शाळेतून शिक्षण हमी कार्ड घेतल्याशिवाय निघू नका. मूल कोणत्या वर्गात आहे, काय काय शिकलं आहे, हे त्यावर लिहिलेलं असतं, आणि ते दाखवून जिथे कोप्या, म्हणजे राहायच्या झोपड्या, पडल्या आहेत तिथल्या जवळच्या शाळेत मुलाला बसवता येतं. पोचल्यावर पहिल्या आठवड्यातच शाळा शोधा. फड बदलतो, अड्डा बदलतो हे खरं, पण वीस दिवस इथे आणि वीस दिवस तिथे बसलेलं मूलही काहीच न केलेल्या मुलापेक्षा कितीतरी पुढे असतं. दप्तरात पाटी, अंकलिपी आणि पहिलीचं पुस्तक राहू द्या. कारखान्यावरून शिक्षकांना फोन करा. मी दर रविवारी संध्याकाळी अशा मुलांना फोनवर पाच वाक्यं वाचून दाखवायला लावते. मागे ऊस भरलेल्या गाड्यांचे आवाज, बैलांच्या घंटा, आणि मध्येच एक बारीक आवाज ‘कमल, गवत आण’ वाचत असतो.

दुसऱ्या गावच्या शाळेने ‘दाखला आणा, मग घेऊ’ म्हटलं तर?

दाखल्याला उशीर झाला म्हणून प्रवेश अडवता येत नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ५ मध्ये ते स्पष्ट आहे. वर्षाच्या मधेच आला म्हणूनही नाकारता येत नाही. आणि मूल मागे पडलेलं असलं तरी त्याच्या वयाच्या वर्गातच बसवायचं, वरची तयारी शाळेने करून घ्यायची, हे कलम ४ सांगतं. आठ वर्षांच्या मुलाला पहिलीत बसवलं तर ते लाजून आठवड्याभरात पळतं. शाळा ऐकत नसेल तर केंद्रप्रमुख किंवा गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे जा. आपल्या गावच्या शिक्षकांनाही कळवा. शाळाबाह्य मुलांसाठी ‘बालरक्षक’ म्हणून काम करणारे शिक्षक महाराष्ट्रभर आहेत, त्यांचा एकमेकांशी संपर्क असतो.

खूप दिवसांनी मूल शाळेत आलं, तर शिक्षकांनी आणि घरच्यांनी काय करावं?

माझ्या सहकाऱ्यांना आधी सांगते. ‘आलात का महाराज?’ हे वाक्य टाळा. वर्ग हसतो आणि मूल दुसऱ्या दिवशी येत नाही. ‘तुझी आठवण काढत होतो, ये बस’ एवढं पुरे. मग त्याच दिवशी दहा मिनिटं त्याला वेगळं घेऊन बघा. ते अक्षरावर आहे, शब्दावर आहे, परिच्छेदावर आहे की गोष्टीवर? जिथे आहे तिथून सुरू करा. अख्ख्या वर्गाबरोबर जोडाक्षरं गिरवून घेण्यात त्याचा दिवस वाया जातो. नियमित येणाऱ्या एका समजूतदार मुलाला त्याच्या शेजारी बसवा. मुलं मुलांकडून फार लवकर शिकतात.

घरी पहिला आठवडा रागावू नका, तुलना करू नका. रोज पंधरा मिनिटं, एका वेळी एकच चिन्ह. बुडालेलं सगळं एका रविवारी भरून काढायला बसलात तर मूल वहीलाच घाबरेल. चार दिवसांच्या खाड्याला साधारण आठवडाभर सराव लागतो, हा माझा अनुभव. महिन्याच्या खाड्याला त्याहून बराच.

शाळा दूर आहे, पावसाळ्यात ओढ्याला पाणी येतं.

ओढ्यात पाणी असेल तर मुळीच पाठवू नका. पण दर पावसाळ्यात हेच होत असेल तर लेखी अर्ज द्या. महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे पहिली ते पाचवीची शाळा वस्तीपासून एक किलोमीटरच्या आत असावी, नसेल तर मुलांच्या ने-आणीची सोय व्हायला हवी. दहा पालकांच्या सह्या असलेला अर्ज तोंडी तक्रारीपेक्षा पुढे सरकतो.

लग्न, जत्रा, कुलदैवत, फिरायला जाणं, हे काहीच करायचं नाही का?

करा ना. जत्रेत पाळण्यात बसलेलं मूल वर्गात येऊन दहा वाक्यं बोलतं, मला ती हवीच असतात. फक्त लग्नाचा एक दिवस असतो, त्याचे पाच करू नका. तारीख आपल्या हातात असेल तर सुट्टीत धरा. शहरातले पालक विमानाचं तिकीट स्वस्त मिळतं म्हणून शाळेच्या दिवसांत आठवडाभर सहल काढतात. त्या मुलांचीही वेलांटी तशीच हुकते.

नापास तर करत नाहीत. वर्ग पुढे जातोच, मग एवढं काय?

वर्ग पुढे जातो, मूल तिथेच राहतं. पहिलीचं मूल दुसरीत ढकललं गेलं की तिथले शिक्षक दुसरीचं पुस्तक उघडतात. चौथीत प्रगतिपुस्तकावर श्रेणी ठीक दिसते आणि मुलाला दुकानाची पाटी वाचता येत नाही, असं घरात कुणाच्या तरी लक्षात येतं. श्रेणी बघू नका. कुठलंही पान उघडा, चित्रावर हात ठेवा आणि वाचायला सांगा.

सकाळी उठायला उशीर झाला, अर्धी शाळा झाली. आता राहू दे का, उद्यापासून पाठवते?

आजच पाठवा. चौथीपर्यंतच्या शाळा सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत, असं शासनाने २०२४ मध्ये सांगितलं ते लहान मुलांची झोप पुरी व्हावी म्हणूनच. तरी उशीर होतो, घर आहे, चालायचंच. माझ्या वर्गात उशिरा आलेलं मूल दारात उभं राहत नाही. ते चप्पल काढतं, दप्तर भिंतीशी ठेवतं आणि सतरंजीवर आपल्या जागी बसतं. फळ्यावर काय चाललंय ते शेजारची सांगते. केस विंचरलेले नसले तरी चालतील, डबा नसला तरी चालेल. दुपारी खिचडी आहेच, आणि अकरा वाजता आलं तरी खिचडीआधी काड्यांचे दोन-तीन गठ्ठे बांधून होतात.